एक गिनी, एक मत : व्हिक्टोरियन लंडनमधली बहिऱ्या मुलांच्या शाळाप्रवेशाची निवडणूक

टेम्सकाठचा_तात्या (धागालेखक)

माझी बस रोज ओल्ड केंट रोडवरून जाते. लंडनचं मोनॉपॉली खेळलेल्यांना हे नाव आठवेल : पटावरची सगळ्यात स्वस्त जागा, साठ पौंडांची. या रस्त्यावर १८०९ पासून बहिऱ्या मुलांची एक मोठी निवासी शाळा होती. नाव मात्र 'असायलम'. मी आधी वेड्यांचं इस्पितळ समजलो होतो. त्या काळी 'असायलम' म्हणजे नुसता आसरा, पण नावातच कळतं की चालवणाऱ्यांच्या डोक्यात शिक्षणाआधी दया होती.

शाळेचा जन्म १७९२चा, जवळच्या बर्मंडसीतला. जॉन टाउनसेंड या पाद्र्यांच्या ओळखीत मिसेस क्रीझी नावाच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा बहिरा. त्याला त्यांनी एडिंबरोला टॉमस ब्रेडवुडच्या खाजगी शाळेत ठेवलं होतं आणि दहा वर्षांत १५०० पौंड मोजले होते. शेतमजुराची त्या काळची अख्ख्या जन्माची कमाई त्यात बुडाली असती. मुलगा शिकला. बाईंनी टाउनसेंडना विचारलं, ज्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत त्यांच्या पोरांचं काय? टाउनसेंडनी बर्मंडसीचे रेक्टर (तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री) हेन्री कॉक्स मेसन यांना सोबत घेतलं, खजिनदार म्हणून बँकर हेन्री थॉर्नटन मिळाले आणि ब्रेडवुडचाच भाचा जोसेफ वॉटसन मास्तर झाला. सुरुवात सहा मुलांवर. ब्रिटनमध्ये गरीब बहिऱ्या मुलांसाठी निघालेली ही पहिली शाळा.

इथवर सगळं छान. खरी मेख प्रवेशाच्या पद्धतीत आहे आणि धागा काढलाय तो त्यासाठीच.

जागा थोड्या, अर्ज भरपूर. मग कुणाला घ्यायचं? आपण म्हणू, मुलाची परिस्थिती बघा, नाहीतर जो आधी आला त्याला घ्या, नाहीतर चिठ्ठ्या टाका. यातलं काहीच नव्हतं. मुलांची चक्क निवडणूक होई, वर्षातून दोनदा. मतदार कोण, तर वर्गणीदार. वर्षाला एक गिनी दिली की एक मत, एकरकमी दहा गिनी दिल्या की जन्मभराचं एक मत. जास्त गिनी, जास्त मतं. गिनी म्हणजे २१ शिलिंग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला दहाएक शिलिंग मिळत. म्हणजे ज्याच्या मुलाला शाळा हवी, त्याची दोन आठवड्यांची मजुरी ही दुसऱ्या कुणाच्या तरी एका मताची किंमत.

आता त्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आधी शिफारस मिळवायची, उमेदवारांच्या यादीत मुलाचं नाव लावायचं. मग वर्गणीदारांची छापील यादी मिळवायची (ती अहवालात असेच, कारण नाव छापून येणं हा वर्गणीचा अर्धा आनंद). मग कार्डं छापायची : मुलाचं नाव, वय, बापाचा धंदा, घरात खाणारी तोंडं किती, बाप वारला असेल तर तेही ठळक, आणि खाली शिफारस करणाऱ्या प्रतिष्ठितांची नावं. मग ती कार्डं शेकडो अनोळखी घरी पाठवायची. १८४० साली पेनी पोस्ट आलं, एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागलं आणि या मतांच्या जोगव्याला ऊत आला. पण शेकडो पेन्या म्हणजेसुद्धा पैसेच की. आणि हे सगळं लिहिणार कोण? ज्या घरात बापाला जेमतेम सही येते, तिथे गावचा पाद्री किंवा एखादी हौशी बाईसाहेब पाठीशी असेल तरच प्रचार उभा राहणार.

म्हणजे अर्ज मुलाचा आणि परीक्षा त्याच्या घरच्यांच्या ओळखीपाळखीची. पडलेला उमेदवार पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राही. काही संस्थांत आधीची मतं पुढे धरली जात, त्यामुळे चिकाटी असेल तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला नंबर लागायचा. पण वयाची मर्यादा होती. निवडणुका हरता हरता मूल मोठं झालं की विषयच संपला.

सवडीने पुढचं प्रतिसादांत लिहितो. बस आली.

---

पोटोबा_पेठेतला

तात्या, भारी विषय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

एक शंका. संस्थेची समिती होती, डॉक्टर होता, मास्तर होता. मग हेच लोक बसून गरजू मुलं का निवडत नव्हते? आमच्या वेळी शाळेत प्रवेशाला हेडमास्तरांनी नुसतं बघितलं तरी पुरे व्हायचं. :)

---

टेम्सकाठचा_तात्या

समितीचं काम उमेदवार चाळण्याचं. मूल खरंच बहिरं आहे ना, वयात बसतं ना, बुद्धी शाबूत आहे ना, एवढं बघून नाव यादीत घालायचं. मंदबुद्धी वाटलेल्या मुलाला तिथूनच परत पाठवत. आता बहिऱ्या, कधीच भाषा न मिळालेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराची बुद्धी ऐकू येणाऱ्या साहेबाने एका भेटीत कशी जोखली असेल, याचा तुम्हीच विचार करा. यादीत आल्यावर मात्र समितीचे हात बांधलेले. पुढचा फैसला गिनीवाल्यांचा.

---

हिशेबनीस

धागालेखक जरा एकांगी लिहीत आहेत असं नम्रपणे नोंदवतो. तीस वर्षं धर्मादाय ट्रस्टांची ऑडिटं केली आहेत. देणगीदार हा प्राणी मला ठाऊक आहे. तो पावती मागतो, पाटी मागतो, मंगल कार्यालयातल्या पंख्याच्या पात्यांवर कै. वडिलांचं नाव मागतो. पातं फिरायला लागल्यावर ते नाव कुणाला दिसत नाही, तरी मागतो. त्या लोकांना मत दिलं म्हणून त्यांनी गिनी दिली. मत काढून घेतलं असतं तर गिनी आली असती का? आणि गिनी आली नसती तर त्या सहा मुलांची दोनशे झाली असती का? सरकार तर एक छदाम देत नव्हतं.

शिवाय मतदानामुळे व्यवहार उघड राहतो. बंद दाराआड समिती निवडणार, तर समितीच्या मेव्हण्याचा मुलगा आधी लागणार. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

---

सई_नाशिककर

लेख वाचून पोटात कालवलं. माझी मुलगी कर्णबधिर आहे, आता सात वर्षांची. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं मशीन) वेळी आम्ही हेच केलं हो. फक्त कार्डाच्या जागी व्हॉट्सॲप. तिचा फोटो, आमचं उत्पन्न, तिच्या बाबांची सुटलेली नोकरी, डॉक्टरांचं पत्र. एका काकांनी सांगितलं, फोटोत ती हसतेय, हसरा नको, दुसरा काढा. आम्ही काढला.

एका ट्रस्टने मदत केली, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण चेक देताना मोठा कार्यक्रम होता. हिला मंचावर उभं केलं आणि निवेदक म्हणाले, बाळा, 'आई' म्हणून दाखव. मशीन सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

---

टेम्सकाठचा_तात्या

सईताई, तुमचा मंच एकोणिसाव्या शतकात जसाच्या तसा सापडतो. या संस्थांचे 'पाहण्याचे' कार्यक्रम असत. वार्षिक सभेला मुलांना सभागृहात उभं करायचे, हातात पाटी-खडू, आणि पाहुणे प्रश्न विचारणार : देव म्हणजे काय, कृतज्ञता म्हणजे काय. पोराने पाटीवर सुबक उत्तर लिहिलं की बायकांच्या डोळ्यांत पाणी आणि पुरुषांचे हात खिशात. एडिंबरोच्या संस्थेचे रॉबर्ट किनिबर तर मुलांना घेऊन गावोगाव फिरत आणि असे प्रयोग करून निधी जमवत. त्यातून इतर शहरांतही शाळा उभ्या राहिल्या, हे मान्यच करायला हवं. पण मंचावर कोण जाणार? जो चुणचुणीत, ज्याचं अक्षर चांगलं, तोच. कृतज्ञतेवरचा प्रश्न दरवेळी का येतो, हे सांगायला नको.

हिशेबनीस काका, तुमचा मुद्दा तेव्हाचे खजिनदार अगदी याच शब्दांत मांडत असत, म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. :) पण 'व्यवहार उघड' म्हणालात, तर मतांचं पुढे काय झालं ते ऐका.

ही पद्धत फक्त बहिऱ्यांच्या शाळेची नव्हती. अनाथालयं, असाध्य रोग्यांची इस्पितळं, मतिमंद मुलांचं अर्ल्सवुडचं असायलम, सगळीकडे हाच खाक्या. एकेका कुटुंबाकडे पाच-सहा संस्थांची मतं साठलेली असत. मग अदलाबदल सुरू झाली. तुमच्याकडे अनाथालयाची मतं आहेत, मला बहिऱ्या मुलासाठी हवीत, तर माझी इस्पितळाची घ्या आणि तुमची मला द्या. वर्तमानपत्रांत तशा जाहिराती येत. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या बदल्यात मिरच्या घ्याव्यात, तशी पोरांची आणि म्हाताऱ्यांची मतं फिरत. मत देणाऱ्याला उमेदवाराचं तोंडही माहीत नसे.

यावर १८७०च्या दशकात मोठा वाद पेटला. मतदान बंद करा म्हणून एक सुधारणा संघटना निघाली. तिच्यात सर चार्ल्स ट्रेव्हेलियन होते, हो, तेच, मद्रासचे माजी गव्हर्नर आणि मेकॉलेचे मेव्हणे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी तर या पद्धतीबद्दल म्हटलं की सर्वांत अपात्र उमेदवार निवडून आणण्याची ही सर्वोत्तम व्यवस्था आहे. छपाई, टपाल, भाड्याच्या गाड्या यांवर जो पैसा उडतो त्यात आणखी मुलं शिकली असती, असा सुधारकांचा हिशेब होता. तो तुमच्यासारख्या ऑडिटरने तरी मान्य करावा.

---

हिशेबनीस

प्रशासकीय खर्चाचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

आणि ट्रेव्हेलियन यांना गरिबांचा कळवळा होता असं कुणी समजू नये. आयर्लंडच्या दुष्काळात धान्य-मदतीला कात्री लावणारे तेच गृहस्थ. त्यांना मतदान नको होतं, कारण त्यांच्या मते त्यामुळे 'अपात्र' गरिबांना मदत मिळत होती.

---

टेम्सकाठचा_तात्या

हे मात्र बिनतोड. सुधारकांचा पर्याय होता चौकशी : माणूस घरी पाठवून कुटुंब 'लायक' आहे का ते ठरवायचं. १८६९ साली निघालेल्या धर्मादाय-संघटन मंडळींचा हाच मंत्र होता. दारू पितो का, चर्चला जातो का, घर झाडलेलं आहे का. म्हणजे मुलाला शाळा हवी तर एक तर शंभर दारं झिजवा, नाहीतर स्वतःचं दार उघडून स्वयंपाकघर दाखवा.

---

आगाऊ_कार्टी

मला यात वेगळंच काही दिसलं. बायकांनाही गिनी देऊन मत मिळत होतं का? कारण पार्लमेंटला मत द्यायला इंग्लंडच्या बायकांना १९१८ उजाडावं लागलं.

---

टेम्सकाठचा_तात्या

मिळत होतं! पुष्कळ संस्थांत बायकांनी स्वतः सभेला न येता प्रतिनिधीमार्फत मत द्यावं असा संकेत असे, पण मत खरंच मोजलं जाई. ज्या बाईला देशाच्या कारभारात शून्य किंमत, ती दिवाणखान्यात बसून ठरवत होती की यॉर्कशरच्या विणकराची मुलगी शिकेल की डेव्हनच्या कोळ्याचा मुलगा. मतदान टिकण्यामागे हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज. त्या बायका हा अधिकार सुखासुखी कशाला सोडतील?

निवडणुकीचा दिवस लंडन टॅव्हर्नसारख्या मोठ्या सभागृहात होई. आत मोजणी, दाराशी फलक घेऊन उमेदवारांचे पाठीराखे, शेवटच्या क्षणापर्यंत मतांची ओढाताण.

---

खुणांची_शाळा

अठरा वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवते आहे. आधी एक बारीकशी सूचना : 'मूकबधिर' शब्द जुन्या संस्थांच्या नावात असेल तिथे असू दे, पण आज आपण 'कर्णबधिर' किंवा नुसतं 'बधिर' म्हणावं. ही मुलं मुकी नसतात. धाग्यात कुणी वापरला नाही, म्हणून बरं वाटलं; तरी सांगून ठेवते.

आता मुद्दा. वय हा सगळ्यात क्रूर भाग आहे. बधिर मुलाची भाषा शिकण्याची खरी वर्षं पहिली पाच-सहा. त्या शाळा मुळात आठ-नऊ वर्षांच्या पुढे मुलं घेत, त्यातून निवडणूक हरली की आणखी सहा महिने, पुन्हा सहा महिने. पत्रं पाठवण्यात दोन वर्षं गेली तर ती दोन वर्षं मूल घरी कुणाशी बोलत होतं? भावंडांशी घरगुती खुणांत. तेही त्याचं नशीब असेल तर. देणगीदाराला सहा महिने म्हणजे दोन सभांमधलं अंतर. मुलाच्या बाजूने ते मोजायला कुणी बसलं नव्हतं.

आणि ज्यांना घेतलं त्यांनाही साधारण चार-पाच वर्षांत शिकवून, चांभारकाम किंवा शिवणकाम हाताशी देऊन बाहेर काढायची घाई, कारण मागे यादी उभी.

---

पोटोबा_पेठेतला

मग जे निवडून आले नाहीत त्यांचं काय व्हायचं?

---

खुणांची_शाळा

बहुतेकांची नोंदच नाही. एक माणूस ठाऊक आहे, तोही अपवाद म्हणून : जॉन किट्टो. प्लिमथचा गवंड्याचा मुलगा. १८१७ साली, बारा वर्षांचा असताना कौलं वाहता वाहता शिडीवरून पडला आणि ठार बहिरा झाला. घरात दारिद्र्य, म्हणून १८१९ साली गरीबखान्यात भरती. तिथे चपला शिवायला लावलं. वाचायला मात्र आधीच येत होतं, लिहायचा सपाटा होता. गावातल्या काही प्रतिष्ठितांच्या ते नजरेस आलं, त्यांनी वर्गणी काढून १८२३ साली त्याला बाहेर काढलं. पुढे बायबलचा नावाजलेला अभ्यासक झाला, बगदादपर्यंत जाऊन आला. त्याच्यासाठी शाळा नाही, निवडणूक नाही, तरी शेवटी सुटका वर्गणीदारांनीच केली. कारण तो *लिहू शकत* होता. जन्मतः बधिर पोराकडे तोच एक दागिना नसतो.

---

वाडेकर_अण्णा

आपल्याकडेही वार लावून जेवणारे विद्यार्थी होतेच ना? सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पुण्यात कितीतरी मोठी माणसं अशी शिकली. यजमानीणबाईला पोरगा आवडला तर वार मिळे, नाहीतर नाही. मग इंग्रजांनाच का झोडपायचं?

---

आगाऊ_कार्टी

अण्णा, वार लावणारा मुलगा निदान स्वतः दारात जाऊन बोलत होता. इथे बोलता न येणाऱ्या मुलाच्या वतीने कार्ड बोलत होतं. आणि वार कुणाला मिळत, कुठल्या जातीच्या मुलाला, तो वेगळा धागा होईल. काढू का?

---

वाडेकर_अण्णा

काढ. पण माझ्या नावाने नको.

---

रेवदंडा_एक्स्प्रेस

मुंबईचा काही संबंध? तिथली बधिरांची शाळाही व्हिक्टोरियाच्याच काळातली असं ऐकलंय.

---

टेम्सकाठचा_तात्या

आहे ती त्याच काळातली. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८०च्या दशकात निघाली, भारतातली पहिली म्हणून ओळखली जाते. कलकत्त्याची १८९३ची. पण या दोन्ही शाळा निघेपर्यंत इंग्लंडात मतदान-पद्धतीची हवा गेलेली होती, त्यामुळे गिनी-मताचा धागा तिकडे ओढत नाही.

हवा कशी गेली ते सांगून थांबतो. १८३४च्या गरीब कायद्यात एक छोटी फट होती : सोळा वर्षांखालच्या मुलाला दिलेली सरकारी मदत बापाच्या नावावर चढे आणि बाप 'पॉपर', म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा कंगाल, ठरे; अंध आणि बहिरी मुलं मात्र यातून वगळलेली. म्हणजे स्थानिक गरीब-मंडळाने बहिऱ्या मुलाची फी भरली तर बापाला बट्टा लागत नसे. १८६२च्या कायद्याने मंडळांना अशी मुलं शाळांत पाठवून खर्च उचलायची मुभा स्पष्ट दिली. मुभा, सक्ती नाही. त्यामुळे मंडळ कंजूष असेल तर पुन्हा कार्डं छापा. १८७०च्या शिक्षण कायद्याने बाकी मुलांसाठी शाळा उघडल्या, लंडनच्या स्कूल बोर्डाने १८७४ पासून बहिऱ्या मुलांचे दिवसाचे वर्ग काढले. तिथे जायला कुणाचं मत लागत नव्हतं. शेवटी लॉर्ड एगर्टन यांच्या रॉयल कमिशनने १८८९ साली अहवाल दिला आणि १८९३च्या कायद्याने सात ते सोळा वयाच्या प्रत्येक बहिऱ्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी स्थानिक शिक्षण-मंडळांवर टाकली. स्कॉटलंडमध्ये तीन वर्षं आधीच, १८९० साली.

बर्मंडसीच्या सहा मुलांपासून इथवर १०१ वर्षं. त्यातली बरीचशी वर्षं यादी फुगत होती आणि फुगलेली यादीच पुढच्या आवाहनात वापरली जात होती : बघा, किती लेकरं दाराशी उभी आहेत, गिनी द्या. हिशेबनीस काका, पंख्याचं पातं हेच आहे.

---

हिशेबनीस

पंख्याखाली वारा तरी लागतो, तात्या.

असो. माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली.

---

पोटोबा_पेठेतला

सईताई, विचारू का नको कळत नाही. त्या कार्यक्रमात पुढे काय झालं? म्हणाली का ती 'आई'?

---

सई_नाशिककर

नाही. तिने माईककडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खुणेने पाणी मागितलं. निवेदक म्हणाले, ती तुम्हा सर्वांचे आभार मानते आहे. खूप टाळ्या पडल्या.

पाणी मी मंचावरून उतरल्यावर दिलं.